लग्न ‘करणे’ आणि लग्न ‘लावून देणे’ : समलिंगी विवाहाच्या मागणीची भाषा

समलिंगी व्यक्तींना विवाहाचा हक्क असावा ही मागणी भारतात प्रामुख्याने न्यायालयाच्या भाषेत मांडली गेली. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ‘सुप्रियो’ खटल्यात निर्णय दिला. विवाहाचा बिनशर्त असा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. विवाहाहून निराळ्या अशा नागरी सहजीवनाला मान्यता द्यावी की नाही, यावर ते तीन विरुद्ध दोन असे विभागले. ९ जानेवारी २०२५ रोजी पुनर्विलोकनाच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. कायद्याच्या अंगाने या निर्णयाची चिकित्सा पुष्कळ झाली आहे. मराठीच्या अभ्यासकापुढील प्रश्न वेगळा आहे. ज्या भाषेत ‘लग्न’ हा शब्द एका विशिष्ट व्याकरणाने आधीच बांधलेला आहे, त्या भाषेत ही मागणी उच्चारली जाते तेव्हा नेमके काय मागितले जाते?

मराठीत लग्न ‘होते’, ‘करतात’, ‘लावतात’ आणि ‘लावून देतात’. ‘त्यांनी यंदा मुलीचे लग्न केले’ या वाक्यात कर्ता बाप आहे; जिचे लग्न झाले ती मुलगी षष्ठीच्या प्रत्ययात उरते. लग्नपत्रिकेचा रूढ मजकूरही ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ असा यजमानाच्या तोंडून सुरू होतो आणि एक ‘चि.’ व एक ‘चि. सौ. कां.’ त्याच्या वाक्यात येऊन बसतात. याउलट १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचे चौथे कलम कोणत्याही दोन व्यक्तींच्या विवाहापासून सुरू होते. तेथे यजमान नाही. मात्र त्याच कलमाच्या अटींत वयाचा प्रश्न येताच पुरुषाला एकवीस आणि स्त्रीला अठरा वर्षे सांगितली जातात. आरंभीच्या निर्विशेष ‘व्यक्ती’ काही ओळींतच स्त्री आणि पुरुष होऊन जातात. याचिकाकर्त्यांनी पहिल्या ओळीवर भर दिला, न्यायालयाने संपूर्ण कायदा एकत्र वाचला. हा वाद संहितेच्या वाचनाचाच वाद होता. (मराठीत ‘व्यक्ती’ हे नाम स्त्रीलिंगी आहे, या गोष्टीचा उपयोग मात्र कोणत्याच पक्षाला झाला नसता.)

या पार्श्वभूमीवर एप्रिल २०२३ मध्ये सरन्यायाधीशांना पाठविले गेलेले एक पत्र अभ्यासण्याजोगे आहे. ‘स्वीकार’ या पालकांच्या गटाने, चारशेहून अधिक मातापित्यांच्या वतीने, ते लिहिले. हे पालक वकील म्हणून वा पक्षकार म्हणून बोलत नव्हते. एकमेकांना धीर देता देता सार्वजनिक बोलण्यापर्यंत आलेली ही माणसे होती. पत्राचा युक्तिवाद हक्काच्या परिभाषेत फार काळ राहत नाही. आपण वृद्ध होत आहोत, काही जण लवकरच ऐंशीला पोहोचतील, मुलांच्या नात्यावर कायद्याचा शिक्का आपल्या हयातीत पाहायला मिळावा, असा त्याचा सूर आहे. पत्र मराठीत लिहिलेले नाही. पण मराठी वाचकाला त्यातील कर्ता ओळखीचा वाटतो. मुलांचे लग्न ‘पाहण्याची’ इच्छा धरणारा हा तोच यजमान आहे.

येथे एक पेच आहे आणि तो सहानुभूतीच्या भरात दुर्लक्षिला जाऊ नये. ज्यांच्यासाठी मागणी करायची ते प्रौढ स्त्रीपुरुष या पत्रात पुन्हा ‘मुले’ होतात. व्यक्तीच्या निवडीसाठी लढणारे हे लेखन कुटुंबाच्या संमतीची भाषा वापरते. ज्यांना घरच्यांनी घराबाहेर काढले, त्यांच्या वतीने असे पत्र कोण लिहिणार? तरीही या भाषेला निव्वळ तडजोड म्हणून बाजूला सारणे उथळपणाचे होईल. विवाह ही परकी, शहरी हौस आहे, या आक्षेपाला निवडीचे तत्त्वज्ञान सांगून उत्तर मिळत नाही. ‘आमच्या घरचे कार्य’ म्हणून मिळते. स्वयंसेवी लेखनाची ताकद आणि मर्यादा येथे एकाच ठिकाणी आहेत.

मराठी ललित साहित्याने या यजमानाला जागा दिली होती काय? विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकात सुमित्रा देव हिच्या प्रेमाला घर नाही, उसनी खोली आहे. तिची कथाही बापू या पुरुष निवेदकाकडून कळते. मित्राचा शेवट आत्महत्येत होतो. त्या काळाच्या मानाने हे नाटक धीट होते यात शंका नाही, पण विवाह हा शब्द तेथे मित्राच्या बाजूने उच्चारताच येत नाही. बिंदुमाधव खिरे यांच्या ‘पार्टनर’ या कादंबरीला शीर्षकासाठी इंग्रजी शब्द घ्यावा लागला. व. पु. काळे यांच्या त्याच नावाच्या लोकप्रिय कादंबरीत तो दोस्तीचा शब्द होता. खिरे यांच्याकडे आल्यावर त्याच्यावर ‘जोडीदार’ या अर्थाचा भार पडला. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या संदर्भात सर्वांत बोलकी आहे. भाऊ आणि बहीण, दोघेही घरातल्या एकाच पाहुण्या भाडेकरूच्या प्रेमात पडतात. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते आणि परतते. तिच्या वागण्यावर घरदार हादरते, उपाययोजना करते. तनयच्या दुःखाची मात्र कोणी दखलच घेत नाही. अनुजाचा अपराध शिक्षेला पात्र आहे, कारण तो लग्नाच्या चौकटीत मोजता येतो. तनयचे प्रेम अपराधाच्याही पात्रतेचे ठरत नाही. विवाहहक्काच्या बाजूने मराठीत केलेला सर्वांत भेदक युक्तिवाद कदाचित या कादंबरीत आहे, आणि तिच्यात कोणीही हक्क मागत नाही.

पण विवाहसंस्थाच विषमतेचे आगर असेल तर तिच्यात शिरण्याची धडपड का? ताराबाई शिंदे यांच्या १८८२ च्या ‘स्त्रीपुरुष तुलना’पासून मराठीत विवाहाची कठोर चिकित्सा झाली आहे, आणि समलिंगी चळवळीतही हा आक्षेप वारंवार घेतला गेला. नाशिकच्या वाचकाला या वादाचे रूप अपरिचित नसावे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दुसऱ्या दिवशी मंदिराच्या दारांशी गेलेल्या पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. मंदिरप्रवेशाने आपले सारे प्रश्न सुटणार नाहीत, हे डॉ. आंबेडकरांनी आरंभीच स्पष्ट केले होते. १९३४ मध्ये त्यांनी दादासाहेब गायकवाडांना सत्याग्रह थांबविण्यास लिहिले तेव्हाही अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे हा हेतू कधीच नव्हता, असा खुलासा केला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात, येवल्याला, त्यांनी धर्मत्यागाची घोषणा केली. दोन अन्यायांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. जातीच्या दारासमोरचा मार आणि कायद्याच्या दारासमोरचा नकार एकाच मापाने मोजता येणार नाहीत. साम्य मागणीच्या घडणीत आहे. दार मागणाऱ्याला गाभाऱ्याची ओढ असलीच पाहिजे असे नाही. दार कोणाला बंद आहे, हे उघड करण्यासाठीही ते मागितले जाते.

अल्पमताने सुचविलेल्या नागरी सहजीवनाकडेही या नजरेने पाहता येते. मराठी समाजाला विवाहाच्या उतरंडीचा जुना परिचय आहे. अनेक जातींत विधवेचा ‘पाट’ वा ‘मोहतूर’ लागे. तो जातीत मान्य होता, संतती वैध ठरे. पण तो लग्नाच्या थाटात नव्हे, बहुधा रात्री, गाजावाजा न करता उरकला जाई. त्याला कोणी ‘लग्न’ म्हणत नसे. अधिकार द्यावेत आणि नाव राखून ठेवावे, ही युक्ती म्हणजे नव्या काळातला पाटच. असे असले तरी वारसा, बँक, रुग्णालय यांच्या खिडकीपाशी ज्यांना रोज उभे राहावे लागते, त्यांना पाटही मिळाला नाही, हे विसरून चालणार नाही.

प्रवेश आणि त्याग यांखेरीज तिसरी वाट महाराष्ट्रात १८७३ मध्येच चोखाळली गेली आहे. त्या वर्षी २५ डिसेंबरला पुरोहिताविना पहिला सत्यशोधक विवाह झाला. अशा विवाहांसाठी जोतीराव फुल्यांनी स्वतः मंगलाष्टके रचली. पुढे ओतूरच्या पुरोहितांनी आपल्या हक्कासाठी लावलेला दावा मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेथे पुरोहित हरले. क्रम असा होता: आधी विधी, मग कायदा. २०१७ च्या अखेरीस यवतमाळला दोन पुरुषांनी आणि २०२१ च्या अखेरीस नागपूरला दोन स्त्री-डॉक्टरांनी आप्तेष्टांसमक्ष जे समारंभ केले, ते कायद्याच्या लेखी शून्य असले तरी याच क्रमात बसतात. फुल्यांच्या मंगलाष्टकांत वधू आणि वर यांचा संवाद आहे: ती स्त्रियांचे हक्क मागते आणि तो वचन देतो. मागणारी आणि देणारा या भूमिका तेथे लिंगावरून वाटल्या गेल्या आहेत. दोन वर किंवा दोन वधू समोरासमोर उभ्या राहिल्या, तर पहिले कडवे कोणी म्हणायचे, हे त्यांचे त्यांनाच ठरवावे लागेल.