युनिक्समधील उपकरण-फाईल व परवानगीचे तत्त्व : एक चिकित्सा

प्रस्तावना :
डेनिस रिची व केन थॉम्पसन यांनी १९७४ मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात युनिक्सचा परिचय करून देणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. उपकरणांना 'विशेष फाईल' मानण्याचे तीन लाभ त्यात सांगितले आहेत : वाचन-लेखनाची समान पद्धती, नावांची समान रचना आणि संरक्षणाची समान व्यवस्था. पहिले दोन लाभ काळाच्या कसोटीवर बव्हंशी उतरले. तिसऱ्याची मात्र चिकित्सा आवश्यक ठरते.

विवेचन :
लिनक्समध्ये संपूर्ण डिस्कचे प्रतिनिधित्व करणारी '/डेव्ह/एसडीए' ही फाईल सामान्यतः 'रूट' या मालकाची व 'डिस्क' या गटाची असते. तिची परवानगी ६६०, म्हणजे मालक व गट यांना वाचन-लेखनाचा अधिकार आणि इतरांना काहीही नाही. साध्या फाईलबाबत हाच आकडा एका दस्तऐवजापुरता मर्यादित असतो. येथे मात्र गटातील सदस्य डिस्कवरील मजकूर थेट वाचू व बदलू शकतो. डिस्क सांकेतिक रूपात साठवलेली नसेल, तर तीवरील प्रत्येक फाईलची स्वतंत्र परवानगी त्याच्यापुरती निरर्थक ठरते.

दुसरे असे की, उपकरणाचे सर्व व्यवहार वाचन व लेखन यांत मावत नाहीत. टर्मिनलचा वेग बदलणे, सीडी बाहेर काढणे अशा क्रिया 'आयओसीटीएल' या मार्गाने होतात. हा मार्ग १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आला. परंतु परवानगीच्या आकड्यात त्याला स्वतंत्र स्थान मिळाले नाही. लिनक्सच्या 'लँडलॉक' यंत्रणेत उपकरणांवरील या क्रियांसाठी वेगळा अधिकार २०२४ मध्ये, ६.१० या आवृत्तीत आला.

तिसरी मर्यादा काळाची आहे. परवानगी फाईल उघडतानाच तपासली जाते. नंतर ती काढून घेतली, तरी आधी मायक्रोफोन उघडून बसलेला प्रोग्राम ऐकतच राहू शकतो.

२००३ मध्ये आलेल्या 'यूडेव्ह'ने उपकरण जोडताच नियमानुसार मालक, गट व परवानगी ठरवण्याची सोय केली. नियमात नोंदवलेली परवानगी यंत्र पुन्हा सुरू झाल्यावरही लागू होते. तथापि अधिकार कोणाला, एवढेच त्यातून ठरते. तो नेमका कशाचा, हा प्रश्न उरतोच.

निष्कर्ष :
संरक्षणाची समानता ही लेखनपद्धतीची समानता आहे, अर्थाची नव्हे. प्रयोगशाळेत एखादे उपकरण चालत नाही म्हणून सरसकट ६६६ परवानगी देण्यामागे हाच गैरसमज असतो. 'सर्व काही फाईल आहे' हे सूत्र शिकवताना त्याची ही मर्यादाही विद्यार्थ्यांसमोर मांडली जाणे अगत्याचे आहे.