'वादां'चा तक्ता आणि कापसाचं बोंड

नेट-सेटच्या शिक्षणशास्त्राच्या पेपरची किंवा पेटची तयारी करत असाल, तर तुमच्या वहीत एक तक्ता नक्की असणार. डावीकडे चार-पाच 'वाद' : आदर्शवाद, निसर्गवाद, वास्तववाद, कार्यवाद, अस्तित्ववाद. वर रकाने : शिक्षणाचं उद्दिष्ट, अभ्यासक्रम, अध्यापन पद्धती, शिक्षकाची भूमिका, शिस्त. प्रत्येक चौकटीत दोन-तीन शब्द. कार्यवादासमोर लिहिलेलं असतं : ड्युई, सामाजिक कार्यक्षमता, प्रकल्प पद्धती, शिक्षक म्हणजे मार्गदर्शक. झाला अभ्यास!

बहुपर्यायी प्रश्न सोडवायला हा तक्ता कामाचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण पुढे येते. हाच तक्ता प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात 'सैद्धांतिक चौकट' म्हणून जसाच्या तसा येऊन बसतो. त्यात एक गृहीतक लपलेलं असतं : उद्दिष्ट ठरलं की पद्धत आपोआप ठरते, आणि पद्धत दिसली की तिच्यामागचा विचार ओळखता येतो. या लेखात मला एवढंच दाखवायचंय की हे गृहीतक टिकत नाही. त्यासाठी तक्त्यातली एकच ओळ घेऊ, ड्युईची.

एका ओळीची तपासणी

पहिली चौकट, उद्दिष्ट : 'सामाजिक कार्यक्षमता'. आता जॉन ड्युईचं १९१६ चं 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' उघडा. आठव्या प्रकरणात तो म्हणतो की शिक्षण नावाच्या अमूर्त गोष्टीला स्वतःचं उद्दिष्ट नसतं. उद्दिष्टं असतात ती माणसांना, म्हणजे पालकांना, शिक्षकांना, मुलांना. पुढच्याच प्रकरणात तो नैसर्गिक विकास आणि सामाजिक कार्यक्षमता ही दोन्ही प्रचलित उद्दिष्टं तपासतो. सामाजिक कार्यक्षमता म्हणजे फक्त उद्योगाला उपयोगी पडणारं कौशल्य असेल, तर ते त्याला मान्य नाही. इतरांच्या अनुभवात वाटेकरी होण्याची क्षमता, असा व्यापक अर्थ लावला तरच तो ही कल्पना स्वीकारतो. म्हणजे तक्त्यातला शब्द ड्युईच्या पुस्तकात आहे खरा, पण तिथे तो चर्चेला घेतलाय. आपण तो निष्कर्ष म्हणून पाठ करतो.

दुसरी चौकट, पद्धती : 'प्रकल्प पद्धती'. हे नाव रूढ करणारा १९१८ चा प्रसिद्ध लेख विल्यम किलपॅट्रिकचा आहे. किलपॅट्रिक ड्युईचा विद्यार्थी, आणि त्याच्यावर ड्युईचा प्रभाव उघड आहे. तरी शिष्याचं काम गुरूच्या खात्यावर लिहायचं नसतं. संशोधनात ही साधी शिस्त आहे.

तिसरी चौकट, शिक्षक : 'मार्गदर्शक'. यातून शिक्षकाने मागे सरकावं असा अर्थ निघतो. ड्युईने १९३८ साली 'एक्सपीरियन्स अँड एज्युकेशन' हे छोटंसं, आठ प्रकरणांचं पुस्तक लिहिलं. त्याच्या विचारांवर चालणाऱ्या पुरोगामी शाळांची त्यात त्याने चांगलीच कानउघाडणी केली आहे. जुन्या शाळेत शिक्षक हुकूम देतो म्हणून नव्या शाळेत त्याने काहीच करू नये, हा तर्क त्याला अजिबात पटत नाही. उलट, त्याच्या मते नव्या शाळेतल्या शिक्षकाचं नियोजन जास्त अवघड असतं. त्याला विषय तर माहीत हवाच, शिवाय समोरच्या मुलांचा आधीचा अनुभवही माहीत हवा.

तीन चौकटी, तिन्ही अर्धवट. पण खरा घोटाळा यापेक्षा खोल आहे. तो दिसायला आपल्याला कापसाकडे यावं लागेल.

एकच कापूस, दोन शाळा

ड्युईने १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा-शाळा सुरू केली. तिथल्या एका प्रसंगाचं वर्णन त्याच्या १८९९ च्या 'द स्कूल अँड सोसायटी'मध्ये आहे. मुलांना कच्ची लोकर आणि कापसाची बोंडं दिली. एका गटाने अर्धा तास खपून सरकीपासून हाताने कापूस सोडवला. निघाला किती? एक औंसही नाही, म्हणजे २८ ग्रॅमच्या आतच. मग मुलांनाच उमगलं की आपले पूर्वज सुती कपड्यांऐवजी लोकरीचे कपडे का वापरत असतील. तिथून गाडी धाग्यांच्या लांबीवर गेली, सरकी काढण्याच्या यंत्राच्या शोधावर गेली, उद्योगांच्या इतिहासावर गेली.

आता वर्धा. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची रूपरेषा ठरली. झाकीर हुसेन समितीने अभ्यासक्रम तयार केला. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटं मूलोद्योगाला होती, आणि सूतकताई हा त्यातला सगळ्यात परिचित उद्योग. प्रत्येक क्रियेमागचं 'का' मुलाला कळलंच पाहिजे, हा गांधीजींचाही आग्रह होता. पण सोबत आणखी एक अट होती. मुलांनी तयार केलेल्या मालातून शिक्षकाच्या पगाराचा खर्च निघावा.

तक्त्यात दोन्हीकडे पद्धत एकच : 'कृतीतून शिक्षण'. गांधीजींबद्दल तर एक तयार वाक्यच गाईडमधून फिरत असतं : उद्दिष्टाने आदर्शवादी, मांडणीने निसर्गवादी, पद्धतीने कार्यवादी. ऐकायला छान वाटतं. पण आपला प्रश्न त्याने सुटत नाही. शिकागोच्या वर्गात कापूस कमी निघाला, आणि तो कमी निघणं हाच धडा होता. वर्ध्याच्या हिशेबात कापूस कमी निघाला तर तो तोटा. एकच मूल, तेच बोंड, तीच बोटं. पण हातातल्या कामाचा अर्थ पूर्ण वेगळा.

इथे घाईने निकाल देऊ नका. गांधीजींच्या अटीमागे कारण होतं. प्रांतिक सरकारांचा शिक्षणावरचा खर्च दारूवरच्या करावर अवलंबून, आणि त्यांना तर दारूबंदी हवी. शाळा स्वावलंबी झाल्याशिवाय सगळ्यांना सक्तीचं, मोफत शिक्षण मिळायचं कसं? शिवाय हाताने काम करणाऱ्याला कमी लेखणाऱ्या समाजात हस्तोद्योग शाळेच्या केंद्रस्थानी आणणं ही लहान गोष्ट नव्हती. धोकाही त्याच मंडळींनी ओळखला होता : आर्थिक बाजूवर भर देताना शैक्षणिक बाजू बळी पडू शकते, असा स्पष्ट इशारा झाकीर हुसेन समितीच्या अहवालातच आहे. आपल्या योजनेवर पहिली टीका आपणच लिहिणारा हा अहवाल मुळातून वाचा.

हेतू कोणाचा?

या दोन शाळांमधला फरक कुठल्या रकान्यात लिहायचा? माझ्या मते तो रकानाच तक्त्यात नाही. त्याचं नाव असतं : 'कामाचा हेतू कोणी ठरवला, आणि तो मुलाला कितपत कळला?'

ही कल्पना १९३८ च्या पुस्तकातूनच घेता येते. हेतू या विषयावर ड्युईने स्वतंत्र प्रकरण लिहिलंय. नुसती ऊर्मी म्हणजे हेतू नव्हे. परिस्थितीचं निरीक्षण, पूर्वी काय घडलं याची माहिती आणि या दोन्हींवरून केलेला विचार, हे सगळं मिळून हेतू बनतो. तिथे तो प्लेटोची आठवण काढतो : दुसऱ्याचे हेतू पार पाडणारा तो गुलाम.

विज्ञान शाखेतल्या मंडळींना हे वेगळं समजावून सांगायला नको. लंबकाचा प्रयोग आठवा. हात चालतात, स्टॉपवॉच चालतं, जर्नल भरलं जातं, आणि सगळ्यांचं उत्तर ९.८ च्या आसपास येतं, कारण ते यायलाच हवं असतं. तक्त्याच्या भाषेत हे 'कृतियुक्त अध्ययन'. ड्युईच्या कसोटीवर मात्र ते नापासही होऊ शकतं. सगळेच अनुभव शिकवत नाहीत. काही अनुभव पुढचं शिकणं अडवतात, असं तो बजावतो. अनुभव जोखायला तो दोन कसोट्या देतो. एक सातत्य : या अनुभवाने पुढच्या अनुभवांची वाट मोकळी झाली का? दुसरी आंतरक्रिया : बाहेरची परिस्थिती आणि मुलाच्या आतली गरज यांचा मेळ बसला का?

ड्युई कुठे अपुरा पडतो

आता ड्युईला देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. 'वाढ' हेच शिक्षण म्हटल्यावर प्रश्न येतोच, वाढ कोणत्या दिशेने? दरोडेखोरही आपल्या धंद्यात वाढतोच की! हे उदाहरण त्याने स्वतःच घेतलंय. त्याचं उत्तर असं : जी वाढ पुढच्या वाढीची दारं उघडी ठेवते ती खरी. मला हे उत्तर गोल फिरल्यासारखं वाटतं. चांगलं काय हे आधी ठरवल्याशिवाय कोणती दारं उघडी ठेवायची हे ठरत नाही.

दुसरं, त्याची शाळा. १९०२ च्या सुमारास तिथे साधारण १४० मुलं आणि २३ शिक्षक होते, म्हणजे सहा मुलांमागे एक. आपल्या शिक्षण हक्क कायद्याचा प्राथमिकसाठीचा निकष ३० मुलांमागे एक शिक्षक असा आहे. पद्धत उचलून आणताना हा आकडा मागे ठेवून चालत नाही.

तिसरी मर्यादा सगळ्यात महत्त्वाची, आणि ती दिसते त्याच्याच एका विद्यार्थ्याच्या लेखनाशेजारी ठेवल्यावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते आणि ड्युईच्या वर्गांना बसले होते. १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ते आपल्या या गुरूचं ऋण नावानिशी मान्य करतात. ड्युईने १९१६ च्या पुस्तकात वापरलेला एक जीवशास्त्रीय शब्द तिथे पुन्हा येतो : 'सोशल एंडॉस्मोसिस'. पेशीच्या पटलातून पाणी आत झिरपतं तसे समाजाच्या थरांतून अनुभव झिरपले पाहिजेत. पण ड्युईकडे हे पटल मुख्यतः अडथळा म्हणून येतं. संवाद वाढला, शाळा सुधारली की ते विरघळेल अशी आशा त्याच्या लेखनात आहे. बाबासाहेब विचारतात की ते पटल बांधलं कोणी आणि त्याला धर्माचं पाठबळ कसं मिळालं. जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांचं विधान घेऊन पुन्हा वर्ध्याच्या वर्गात या. पिढ्यानपिढ्या ज्याच्यावर एक व्यवसाय लादला गेला, त्याच्या मुलाच्या हातात शाळेने पुन्हा तोच व्यवसाय दिला, तर हेतू कोणाचा? हा प्रश्न ना 'आदर्शवाद' विचारतो ना 'कार्यवाद'. तो ग्रंथ आणि समाज एकत्र वाचल्यावरच पडतो.

मग आराखड्यात काय करायचं?

समजा तुमचा विषय आहे 'इयत्ता सातवीच्या विज्ञान विषयात कृतियुक्त अध्यापनाची परिणामकारकता'. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, दोन गट, टी-मूल्य, सगळं ठरलेलं. दुसऱ्या प्रकरणात ड्युईवर दोन पानं लिहिण्याआधी हे चार प्रश्न स्वतःला विचारा :

१. माझ्या उपक्रमातल्या कृतीचा हेतू कोण ठरवतंय : मूल, शिक्षक, पाठ्यपुस्तक की मी?

२. कृती फसली, तर माझ्या आराखड्यात तो धडा आहे की तोटा?

३. माझी उत्तरचाचणी सातत्य मोजते का, की फक्त त्या घटकावरचे गुण?

४. ज्या विचारवंताचं नाव घेतोय, त्याच्या मूळ पुस्तकाचं किमान एक प्रकरण मी वाचलंय का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'तोटा' आलं तरी अभ्यास बाद होत नाही. फक्त मग त्याला ड्युईचं नाव देऊ नका. अध्यापन तंत्राची चाचणी म्हणा आणि प्रामाणिकपणे करा. तेही संशोधनच आहे. तिसऱ्याचं उत्तर 'फक्त गुण' आलं, तर महिन्याभराने एखादी नवी, न शिकवलेली समस्या देऊन बघता येईल का, ते गाईडशी बोला.

आणि तक्ता? परीक्षेपर्यंत राहू द्या. नंतर त्यात हेतूचा एक रकाना वाढवा आणि तो भरायचा प्रयत्न करा. दोन-तीन शब्दांत मावत नाही असं लक्षात आलं, की समजा वाचन सुरू झालं.