बडतर्फीचे निवाडे आणि कारणांचा प्रश्न

कामगाराच्या बडतर्फीत न्यायाधिकरणाने कितपत लक्ष घालावे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने 1958 साली इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या खटल्यात एका परीने मिटविला होता. मालकाच्या ठायी सद्भावाचा अभाव, सूडबुद्धी वा अनुचित कामगार प्रथा, नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांचा भंग, अथवा पुराव्यास सर्वस्वी सोडून काढलेला निष्कर्ष, यांपैकी काही आढळले तरच हस्तक्षेप करावयाचा. अपील न्यायालयाप्रमाणे पुरावा पुन्हा तोलावयाचा नाही. औद्योगिक विवाद अधिनियमात घातलेले कलम 11-अ 15 डिसेंबर 1971 पासून अंमलात आले आणि ही स्थिती पालटली. बडतर्फी समर्थनीय नव्हती असे न्यायाधिकरणाचे समाधान झाल्यास ती रद्द करण्याचा वा सौम्य शिक्षा देण्याचा अधिकार त्यास मिळाला. फायरस्टोन खटल्यात (1973) सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ उदारपणे लावला : न्यायाधिकरण गैरवर्तनाविषयीही मालकाहून भिन्न मतास येऊ शकते.

येथवर सारे समाधानकारक आहे. अडचण उद्भवते ती पुढील निवाड्यांच्या भाषेत. शिक्षा 'धक्कादायक रीतीने विषम' असल्यासच हात घालावा, हे वचन त्यांत वारंवार येते. वस्तुतः हे शब्द कलम 11-अ मध्ये नव्हते. ते होते 1971 सालच्या महाराष्ट्राच्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या अधिनियमात, आणि तेथेही क्षुल्लक वा तांत्रिक गैरवर्तनापुरते. शिवाय गैरवर्तनाचे स्वरूप व कामगाराची पूर्वीची सेवा यांकडे दुर्लक्ष झाले आहे काय, हे पाहण्याची अट त्यांस जोडलेली होती. अट गळाली आणि विशेषण तेवढे उरले. 'धक्का' हे न्यायाधीशाच्या मनःस्थितीचे वर्णन होय. ते कारण नव्हे.

महिंद्र अँड महिंद्र कंपनीच्या 2005 सालच्या प्रकरणात वरिष्ठास शिवीगाळ केल्याबद्दल कामगारास बडतर्फ करण्यात आले होते. श्रम न्यायालयाने शिक्षा कठोर ठरवून त्यास कामावर परत घेण्यास सांगितले. उच्च न्यायालयाने ते मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. न्यायालयाच्या विवेकास डाचणारी विषमता, शिक्षा सौम्य करण्याजोगी परिस्थिती, किंवा कामगाराचे पूर्ववर्तन यांवाचून केवळ सहानुभूतीने अधिकार वापरता येत नाही, असे त्याने सांगितले. हे सांगणे आम्हास मान्य आहे. कारणावाचून दाखविलेली दया ही कारणावाचून दिलेल्या शिक्षेइतकीच मनमानी होय. तथापि या तीन कसोट्यांपैकी शेवटच्या दोन वस्तुस्थितीच्या आहेत, पुराव्याने पडताळता येण्याजोग्या; पहिली तशी नाही. तिला त्यांच्या पंक्तीस बसविल्यामुळे पुढील न्यायाधिकरणांस एक सोयीचे वाक्य मिळाले, आणि आळशी लेखणीस सोयीचे वाक्य फार प्रिय असते.

अर्धन्यायिक निर्णय देणाऱ्या प्रशासकीय अधिकाऱ्यानेही सामान्यतः कारणे नोंदविली पाहिजेत, असे घटनापीठाने एस. एन. मुखर्जी प्रकरणात 1990 सालीच ठरविले आहे. (ज्या लष्करी अधिकाऱ्याच्या अपिलात हे तत्त्व सांगितले गेले, त्यास मात्र त्याचा लाभ झाला नाही, लष्करी कायदा अपवाद ठरला.) मग न्यायाधिकरणाकडून याहून कमी अपेक्षा कशी करावी? वकिलाकरवी बाजू मांडून हरलेल्या कामगारास आपला कोणता मुद्दा कोणत्या पुराव्यापुढे टिकला नाही हे कळले नाही, तर त्याची सुनावणी अर्धीच झाली. उच्च न्यायालयासही अशा निवाड्यात तपासण्यासारखे काही उरत नाही.

औद्योगिक संबंध संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आली असून बडतर्फी तपासण्याचा हा अधिकार तिनेही राखला आहे. सेवा किती वर्षे झाली, पूर्वी कोणती शिक्षा होती, चिथावणी होती काय, त्याच प्रसंगातील इतरांस काय दिले गेले, हे नव्या न्यायाधिकरणांचे निवाडे नोंदवितात की नाही, हे आता पाहावयाचे आहे.