वेगवान गाडी, दूरचे स्थानक

गोंदियाहून मुंबईला जायचे तर विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसावे, रात्र काढावी आणि उतरावे. मध्ये गाडी बदलावी लागत नाही. मुंबई-नागपूर अतिवेगवान रेल्वेच्या सुमारे ७५० किलोमीटरच्या प्रस्तावाची चर्चा करताना ही साधी गोष्ट विसरली जाते. ती गाडी नागपूरला संपणार, पुढचे सुमारे १३० किलोमीटर जुन्याच लोहमार्गाने. तेव्हा नागपूरचे नवे स्थानक जुन्याला लागून असेल की नाही, हा आमच्या मते गोंदियाचा खरा प्रश्न आहे.

स्थानके गावाबाहेर जातात याला भौतिकशास्त्रात कारण आहे. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले की वळणावरचे अभिकेंद्री त्वरण मिळते. वेग ताशी १०० ऐवजी ३२० किलोमीटर धरला, तर तेवढ्याच त्वरणासाठी त्रिज्या दहापट लागते. असा मार्ग दाट वस्तीत शिरवणे महागाचे काम. पण जिथे प्रत्येक गाडी थांबणारच, तिथे वेग आधीच उतरलेला असतो आणि लहान वळणही चालते. नागपूर तर शेवटचे स्थानक! मुंबई-अहमदाबाद मार्गावर वडोदरा व अहमदाबादची नवी स्थानके जुन्यांना जोडून आहेत; सुरतचे मात्र शहराबाहेर अंत्रोलीला. फ्रान्समध्ये १९९४ साली सुरू झालेल्या ओत-पिकार्दी स्थानकाला लोकांनी 'बीटचे स्थानक' म्हणून हिणवले, कारण ते शेतांतच उभे आहे. जपानचे शिन-ओसाका (१९६४) मूळ ओसाका स्थानकापासून वेगळे असूनही खटकत नाही. दोन्हींमध्ये लोकल गाड्या धावतात.

मार्ग बहुतांशी समृद्धी महामार्गाच्या कडेने नेण्याचा विचार झाला. जमीन मिळवणे त्याने सोपे होते, हे मान्य. पण तो रस्ता अकोला आणि अमरावती या शहरांना बगल देतो. मोटार फाट्यावरून वळवता येते, आगगाडी नाही.

विद्यार्थ्यांना एक गणित जरूर घालावे. ताशी ३२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८९ मीटर. वेग घेताना त्वरण ०.३ आणि थांबताना ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग धरा. एका थांब्यापायी सुमारे चार मिनिटे वाया जातात. फलाटावरची दोन मिळवली की सहा. शहराबाहेरून ऑटोने जुन्या स्थानकात यायला पाऊण तास लागला, तर सात थांब्यांहून अधिक वेळ तिथेच गेला. त्यात गोंदियाची गाडी चुकली, तर पुढचा हिशेब नागपूरच्या फलाटावर बसून करावा.