समीकरण घेतलं, कृती विसरली

एप्स्टाइन, बुक्सबाउम, लोवेनस्टाम आणि युरी यांचा १९५३ चा निबंध आजही सगळे उद्धृत करतात, पण फक्त त्यातल्या समीकरणासाठी. शिंपल्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून समुद्राचं तापमान काढायचं ते समीकरण. माझ्या मते निबंधाचं खरं मोल नमुना तयार करण्याच्या कृतीत आहे.

आता बघा, शिंपल्यात कार्बोनेटबरोबर सेंद्रिय द्रव्यही असतं. फॉस्फरिक आम्ल घातल्यावर कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्यात सेंद्रिय द्रव्यातून आलेले वायू मिसळले, की मापन बिघडतं. म्हणून या मंडळींनी पूड आधी हेलियमच्या प्रवाहात भाजली.

उपाय चोख, पण निर्दोष नाही. पुष्कळ शिंपले अरॅगोनाइटचे असतात. जास्त तापवलं की अरॅगोनाइटचा कॅल्साइट होतो आणि त्यात ऑक्सिजनची देवघेव होऊ शकते. समीकरणात हजारी १ चा फरक म्हणजे सुमारे ४ अंश सेल्सिअस. म्हणजे हजारी अर्ध्याची चूक झाली, तर समुद्र २ अंशांनी थंड किंवा गरम!

आणि आपण निबंधात काय लिहितो? ‘नमुने स्वच्छ करून पूड केली.’ संपलं! भाजली, ब्लीचनं धुतली, की तशीच घेतली? ड्रिल किती वेगानं फिरवलं? भाजलेल्या पुडीवर बेतलेलं समीकरण न भाजलेल्या पुडीला लावायचं असेल, तर निदान तसं सांगा तरी.