ढग म्हणजे पिशवी नव्हे

आज आपण बोलणार आहोत लहान मुलांच्या चित्रपुस्तकांतल्या ढगांबद्दल.

तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठीची ढग-पावसाची पुस्तकं उघडली, की बहुतेकांत गोष्ट एकच. सूर्य समुद्राचं पाणी वर ओढतो, ढग भरत जातो, काळा होतो, दुसऱ्या ढगावर आपटतो आणि पाणी सांडतं. शेवटच्या पानावर छत्री, बेडूक, कागदी होडी. चित्रं गोड असतात, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती पिशवीबद्दल. या पुस्तकांत ढग म्हणजे पाण्याची पिशवी. भरली की फुटणारच.

आता आपल्या विदर्भातलं मूल काय पाहतं? मृग लागलेला असतो. दुपारी आभाळ काळंकुट्ट होतं, वारा सुटतो आणि ढग तसेच निघून जातात. घरात दुबार पेरणीची काळजी सुरू होते. मूल विचारतं, "ढग तर आले होते, मंग पाणी काऊन नाही आलं?" पिशवीवाल्या पुस्तकाकडे याचं उत्तर नाही. मग मुलाने डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की पुस्तकावर?

उत्तर तसं अवघड नाही. ढगातले पाण्याचे कण इतके बारीक असतात, की ते हवेत जवळजवळ तरंगतात. पावसाचा एक थेंब व्हायला असे साधारण दहा लाख कण एकत्र यावे लागतात. जमलं तर पाऊस, नाही जमलं तर कण सुकून हवेत विरून जातात. पाच वर्षांच्या मुलाला दहा लाख कळणार नाहीत. पण 'खूप खूप चिमुकले मिळून एक थेंब' हे नक्की कळतं, आणि त्याचं चित्रही काढता येतं.

दुसरी खोट वाफेची. चित्रात वाफ पांढरी असते. खरी वाफ दिसतच नाही. पांढरे दिसतात ते पाण्याचे कण. हे समजवायला नागपूरसारखी जागा नाही! मे महिन्यात आपला कूलर टाकीभर पाणी संपवतो. ते गेलं कुठे? हवेत. दिसलं का? नाही. जुलैत तोच कूलर नुसती चिकचिक करतो, कारण हवेत आधीच भरपूर पाणी असतं. घरात हे रोज घडतं, आणि पुस्तक मात्र मुलाला न पाहिलेल्या समुद्रावर नेतं.

आणखी एक गंमत. 'मेघदूता'तला रामगिरी म्हणजे इथून जवळचं रामटेक, असं अनेक अभ्यासक मानतात. त्या काव्यात कालिदासाने ढगाला धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा मेळ म्हटलं आहे. आजचं विज्ञानही सांगतं, की धुराच्या, धुळीच्या बारीक कणांभोवतीच पाणी जमतं. म्हणजे कवीनेही पिशवी सांगितली नाही, बरं का!

मग चांगलं पुस्तक कसं असतं? चार्ल्स शॉचं १९४७ सालचं 'इट लुक्ड लाइक स्पिल्ट मिल्क' बघा. निळ्या पानांवर पांढरे आकार. प्रत्येक आकार कशासारखा तरी वाटतो, पण ते तो नसतो; शेवटी कळतं, तो ढग आहे. त्यात पावसाची माहिती नाही. तरी मूल नीट बघायला आणि शंका घ्यायला शिकतं.

म्हणून पालकांना आणि अंगणवाडीताईंना एवढीच विनंती, की पुस्तक मिटलं की मुलांना अंगणात न्या आणि विचारा, "हा ढग बरसेल का?" उत्तर चुकू द्या. आणि आपल्या चित्रकारांनी, लेखकांनी न बरसलेल्या ढगासाठीही एक पान ठेवावं. इथल्या मुलांना ते पान लगेच ओळखू येईल.