महाकाव्य आणि करारपत्र

सातवीच्या वर्गाला मराठ्यांच्या घोडदळाचा धडा शिकवीत होतो. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा, बारगिराचा घोडा सरकारी, एवढे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, बारगीर चाकरी सोडून दुसरीकडं गेला तर घोडा परत द्यायचा, हे कळलं. पण त्यानं मारलेल्या लढाया कुणाच्या?" पाठ्यपुस्तकात ह्याचे उत्तर नाही. मी तास संपल्याचा आधार घेतला.

त्या दिवसांत मी रोलां बार्थ ह्या फ्रेंच समीक्षकाचा एक निबंध शब्दकोश उशाशी घेऊन वाचीत होतो. 'टूर द फ्रान्स' ह्या जगप्रसिद्ध सायकलशर्यतीला महाकाव्य म्हणून पाहणारा हा निबंध १९५७ साली निघालेल्या त्याच्या 'मिथॉलॉजीज' ह्या पुस्तकात आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. शाळेत सायकलने जातो, एवढाच माझा त्या विषयावरचा अधिकार. पण कादंबऱ्या लिहिल्यामुळे एक खोड जडली आहे. कोणी एखाद्या माणसाला महाकाव्याचा नायक म्हटले की त्याच्या पोटापाण्याची व्यवस्था काय, हा प्रश्न माझ्या मनात आधी उभा राहतो.

निबंध मोठा देखणा आहे, ह्यात शंका नाही. स्वारांची नुसती नावे ही महाकाव्यातील विशेषणांसारखी कशी काम करतात, डोंगर आणि मैदाने ही पात्रे कशी होतात, व्हाँतू हा बोडका डोंगर बळी मागणारा दुष्ट देव कसा वाटू लागतो, हे बार्थने ज्या सहजतेने दाखविले आहे तिचा कोणाही लेखकाला हेवा वाटावा. शेवटी १९५५ सालच्या स्वारांचा एक छोटासा कोशही तो देतो. प्रत्येकाच्या स्वभावाला दोन-तीन ओळी. पण मनुष्य उभा राहतो. आर्थिक हेतूंचा निर्देश त्याने केलेला नाही असे नव्हे. अखेरच्या परिच्छेदात तो येतो. परंतु पाहुण्याने उंबऱ्यावरूनच पाणी पिऊन परत जावे तसा तो येतो आणि जातो. माझा आक्षेप एवढाच आहे की, ज्याला बार्थ शिलेदार समजून चालला तो मुळात बारगीर आहे, आणि हे ध्यानात घेतले म्हणजे महाकाव्याची बरीचशी कलमे नव्याने लिहावी लागतात.

बार्थची ही समजूत का झाली असावी, ह्याला कारण आहे. १९२९ साली मोरिस द वाल हा बेल्जियन स्वार आजारी असतानाही टूर जिंकला. त्याच्या सायकल कारखान्याच्या, आल्सिओंच्या, सोबत्यांनी त्याला अक्षरशः सांभाळून पॅरिसला आणले. शर्यतीचा जनक आंरी देग्रांज संतापला. कारखानदारांनी शर्यत गिळली, असे त्याला वाटले. म्हणून १९३० पासून त्याने कारखान्यांचे संघ काढून राष्ट्रांचे संघ आणले आणि सर्वांना एकसारख्या पिवळ्या, नाव नसलेल्या सायकली दिल्या. ही पद्धत १९६१ पर्यंत टिकली. (मागाहून १९६७ व १९६८ ह्या दोन वर्षी ती परत आली होती.) म्हणजे बार्थने पाहिलेले वीर वर्षातले अकरा महिने कुणा सायकलवाल्याचे चाकर असत आणि जुलै महिन्यापुरती देशाची जर्सी अंगावर घालीत. महाकाव्य दिसावे म्हणून करारपत्र तेवढे दिवस फडताळात ठेवलेले असे. बार्थने फडताळ उघडून पाहिले नाही.

ते उघडले १९५९ साली. त्याचे पुस्तक निघून दोनच वर्षे झाली होती. त्या वर्षीच्या फ्रेंच राष्ट्रीय संघात जाक आंकतील, रोजे रिव्हिएर, लुईसों बोबे, राफाएल जेमिनियानी अशी एकाहून एक बडी मंडळी होती. त्यांच्याहून खालच्या समजल्या जाणाऱ्या प्रांतिक संघात आंरी आंग्लाद नावाचा दुसरा फ्रेंच स्वार होता, आणि नेमका तोच उत्तम चालला होता. त्याच्यापुढे स्पेनचा बाहामोंतेस. फ्रान्सच्या माणसाने फ्रान्सच्या माणसाला हात द्यावा, ही महाकाव्याची अपेक्षा. आंकतील आणि रिव्हिएर ह्यांनी तसा हात दिला नाही, अशी सर्वांची समजूत झाली. बाहामोंतेस जिंकला, आंग्लाद चार मिनिटे एक सेकंद मागे दुसरा आला, आंकतील तिसरा आणि रिव्हिएर चौथा. पॅरिसच्या पार्क दे प्रँसमध्ये आपल्याच लोकांनी आंकतीलवर शिट्ट्यांचा भडिमार केला. पुढे त्याने नाव विकत घेतली तेव्हा तिला 'शिट्ट्या ५९' असे नाव दिले, असे सांगतात. मला हा मनुष्य ह्या एका गोष्टीसाठी आवडतो.

आता करारपत्र काय म्हणत होते ते पाहा. स्वारांची खरी कमाई त्या काळी टूरमध्ये नव्हे, तर टूरनंतर गावोगाव होणाऱ्या फेऱ्यांच्या शर्यतींत होत असे. तेथे कोणाला किती बिदागी मिळावयाची हे दलाल ठरवीत. दोन मोठे दलाल होते: दानिएल दुसे आणि रोजे पिएल. आंकतील आणि रिव्हिएर हे दुसेचे, आंग्लाद पिएलचा. आंग्लाद जिंकला असता तर त्या उन्हाळ्याचा बाजार पिएलच्या बाजूला झुकला असता. बाहामोंतेस डोंगरावरचा राजा, परंतु गावच्या चौकातल्या फेऱ्यांत त्याचा धाक कोणालाच नव्हता. शिवाय वर्षाचे इतर महिने तो ज्या संघाकडून धावे त्या संघाच्या नावातच फाउस्तो कोप्पीचे नाव होते. म्हणजे इटालियन वीराच्या घरचा चाकर स्पेनच्या जर्सीत फ्रान्समध्ये जिंकला. ह्या सर्वांना बार्थच्या कोशात कोणती ओळ द्यावयाची? लोक म्हणाले, देशद्रोह. मला तसे म्हणवत नाही. ज्याचे मीठ अकरा महिने खाल्ले त्याला बाराव्या महिन्यात विसरा, अशी देशाची मागणी होती. आणि मीठ घालण्याची जबाबदारी मात्र देशाने घेतली नव्हती.

१९६२ पासून टूरमध्ये धंदेवाईक संघ परत आले. तेव्हापासून आजतागायत संघाचे नाव म्हणजे पैसे देणाऱ्याचे नाव. ह्या खेळाला मैदान नाही, तिकीट नाही. रस्त्याकडेला लाखो लोक फुकट उभे असतात. संघ जगतो तो जर्सीवरच्या अक्षरांवर. ती अक्षरे पुसली गेली की संघ गेला. मार्क कॅव्हेंडिश २०११ साली जगज्जेता झाला त्याच वर्षाअखेर त्याचा संघ आश्रयदाता न मिळाल्यामुळे बंद पडला. दुसऱ्या वर्षी टूरमध्ये स्काय संघाकडून धावताना हा जगज्जेता इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी घालून मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणून सोबत्यांना वाटीत होता, कारण त्या घरचा धनी विगिन्स होता. वर्ष संपताच तो निघून गेला. त्याला चंचल म्हणणाऱ्यांनी त्या बाटल्या मोजाव्यात.

ह्याच्या उलट रेमों पुलिदोर. १९६० पासून १९७७ पर्यंत मर्सिए सायकलवाल्यांची जर्सी त्याने सोडली नाही. टूरमध्ये तीनदा दुसरा व पाच वेळा तिसरा आला, आणि पिवळी जर्सी एक दिवसही अंगावर आली नाही. फ्रान्सने त्याच्यावर जितके प्रेम केले तितके पाच वेळा जिंकणाऱ्या आंकतीलवर केले नाही. ह्या प्रेमात स्वारापेक्षा त्याच्या न बदलण्यावरचे प्रेम अधिक आहे, असा मला संशय आहे. आपण सर्वच चाकरमाने; कोणी तरी एकाच दाराशी आयुष्य काढले की आपल्याला आपले समर्थन मिळाल्यासारखे वाटते.

आजच्या बदल्यांविषयी जे लिहिले जाते त्याचा वाङ्मयीन विचार कोणी केलेला नाही. करावा असे ते लेखन नाही हेही खरे. 'बदली' हा शब्दही मी नाइलाजाने वापरतो. आमच्याकडे बदली हुकुमाने होते. तिकडे ती सहीने होते. करार ३१ डिसेंबरला संपतात, आणि नव्या घराची घोषणा १ ऑगस्टपूर्वी करावयाची नाही असा आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाचा नियम आहे. त्यामुळे टूर संपून चार दिवस होतात न होतात तोच घोषणांचा पाऊस पडतो. त्या मी पुष्कळ वाचल्या. सर्व एकाच मुशीतून काढलेल्या! प्रत्येक स्वाराला नवे आव्हान हवे असते, प्रत्येकाचे लहानपणीचे स्वप्न पुरे होत असते आणि प्रत्येक संघ म्हणजे एक कुटुंब असते. कुटुंब हा शब्द तर जाणारा जुन्या घरासाठी वापरतो आणि घेणारा नव्यासाठी. मृत्युपत्रावाचून ज्याची वाटणी दर डिसेंबरात होते असे हे कुटुंब आहे.

आणि तरीही ह्या कोरड्या कागदांच्या मागे कथा असतात. २०२३ च्या स्पेनच्या शर्यतीचीच गोष्ट घ्या. सेप कुस हा अमेरिकन स्वार; दुसऱ्यांसाठी झिजणे हा त्याचा धंदा. त्याच वर्षी त्याने रोग्लिचला इटलीची आणि विंगेगोरला फ्रान्सची शर्यत जिंकून देण्यात हातभार लावला होता. स्पेनमध्ये अनपेक्षितपणे लाल जर्सी त्याच्याच अंगावर आली. आंग्लिरूच्या भयंकर चढावर रोग्लिच आणि विंगेगोर, दोघेही त्याच्याच संघाचे, त्याला मागे टाकून पुढे गेले. जर्सी अवघ्या आठ सेकंदांनी त्याच्याकडे उरली. मग घरात काही बोलणे झाले असावे. पुढल्या दिवसांत दोघे त्याच्या पाठीशी राहिले, आणि माद्रिदला कुस पहिला, विंगेगोर दुसरा, रोग्लिच तिसरा असे एकाच घरचे तिघे उभे राहिले. थोड्याच दिवसांत रोग्लिच घर सोडून बोराकडे गेला, करार उरला असतानाही. बातमीदारांनी लिहिले, त्याला एकट्याचे नायकपण हवे होते. असेल. पण २०२५ च्या ऑगस्टात त्याच नव्या घरी रेम्को एव्हनेपूल येणार असल्याची घोषणा झाली, तीही करार एक वर्ष उरला असताना, तेव्हा त्या गोष्टीला दुसरा अंक आला. चूल वेगळी करून बाहेर पडलेल्या थोरल्याच्या नव्या ओसरीवर दुसऱ्याची वळकटी येऊन पडावी, तसा हा प्रकार. हे कोणी लिहीत नाही. लिहितात ते आकडे आणि वर्षे.

माझ्या मते सायकलीच्या साऱ्या वाङ्मयात गाळलेले प्रकरण नेहमी एकच असते: सही. कोप्पीचे उदाहरण पाहा. १९४० साली लेन्यानो संघाने त्याला घेतले ते जिनो बार्तालीला पाणी देण्यासाठी, वारा अडविण्यासाठी. दुसऱ्याच टप्प्यात एक कुत्रा आडवा आला, बार्ताली पडला, आणि वीस वर्षांचा पाणक्या इटलीची शर्यत जिंकला. बार्तालीने डोंगरात त्याला धीर दिला. शर्यत संपली ९ जूनला. १० जूनला इटली युद्धात उतरली. कोप्पी आफ्रिकेत पकडला गेला, कैदेत राहिला, परतला, आणि नंतर बियांकीच्या निळसर-हिरव्या जर्सीत बार्तालीचा वैरी म्हणून उभा राहिला. १९४६ साली बार्तालीने त्याला ४७ सेकंदांनी हरविले. सर्व लेखक कैदेतून एकदम वैरावर उडी मारतात. मध्ये एक दिवस असा असलाच पाहिजे की त्या दिवशी ह्या मुलाने कागदावर नाव लिहिले आणि ज्याने त्याला डोंगरात धीर दिला होता त्याचे घर सोडले. तेथे थांबायला कोणी तयार नाही. १९५२ सालचे ते प्रसिद्ध छायाचित्र, चढावर एकमेकांना बाटली देणारे कोप्पी आणि बार्ताली, त्यात देणारा कोण आणि घेणारा कोण ह्यावर इटलीने अर्धशतक वाद घातला. दोघांच्याही अंगावर त्या दिवशी देशाची जर्सी होती, हे मात्र फारसे कोणी बोलत नाही.

त्याच १९५२ च्या टूरमध्ये कोप्पीचा एक सेवक, आंद्रेआ कारेआ, कोप्पीच्या वतीने नजर ठेवण्यासाठी पळालेल्या टोळीबरोबर गेला आणि लोझानला पोहोचल्यावर त्याला कळले की पिवळी जर्सी आपली झाली. बुकेनवाल्डच्या छळछावणीतून जिवंत परतलेला हा मनुष्य ती जर्सी घालताना रडला आणि त्याने कोप्पीची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझवर कोप्पीने ती घेतली. हा प्रसंग वाचून माझे डोळे भरून आले होते. आज पुन्हा वाचताना आले नाहीत. स्वतःच्या यशाची ज्याला क्षमा मागावी लागते त्याचे इमान आपल्याला इतके सुंदर का वाटावे?

हा प्रश्न मी बार्थला विचारतो आहे असे वाचकांनी समजू नये. माझ्या दुसऱ्या कादंबरीत तमाशाच्या फडातला एक सोंगाड्या आहे. नारायणगावच्या राहुट्यांत तो दुसऱ्या फडमालकाकडून उचल घेतो आणि पहिला फड सोडतो. मी त्याला दारूला लावले, त्याचा आवाज घालविला, अक्षय्य तृतीयेच्या आत त्याला एका धर्मशाळेत मारून टाकले. परीक्षणकारांनी त्या प्रकरणाची स्तुती केली. आमच्याच तालुक्यातले एक म्हातारे ढोलकीवाले मात्र पुस्तक वाचून शाळेत आले, व्हरांड्यात बसले, आणि त्यांनी एकच विचारले, "मास्तर, त्याची पहिली उचल फिटली होती का?"

मला सांगता आले नाही. मी ते लिहिलेच नव्हते, कारण मला ते ठाऊकच नव्हते. फिटली असेल तर तो मोकळा होता, आणि मी एका मोकळ्या माणसाला गद्दार ठरवून मारले होते. नसेल फिटली, तर कर्ज बुडविणारा तो. पण मग किती बुडविले, कोणाचे बुडविले, मालकाने त्याला हंगामभर काय दिले होते, हे सारे मला मांडावे लागले असते. मी इमानाचे महाकाव्य लिहिले आणि हिशोबाची वही उघडली नाही. म्हाताऱ्यांनी चहा घेतला नाही.

त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघावयाची आहे. प्रकाशकांनी दुरुस्त्या मागितल्या आहेत. सोंगाड्याची पहिली उचल किती रुपयांची होती आणि त्यातले किती फिटले होते, हे विचारायला मी दिवाळीच्या सुट्टीत त्या ढोलकीवाल्यांकडे सायकलने जाणार आहे.